डबा भरू दे तिला

"ही बाई डबा भरताना काय विचार करते, ते काढून टाक. नुसता डबा भरू दे तिला."

दादरला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात शेजारी बसणाऱ्या काकूंनी माझी कथा वाचली आणि हळूच एवढंच म्हणाल्या.

चार ओळी खोडल्या. उरलं काय? पोळ्या, भाजी आणि रोजची लिंबाची फोड, जी आज तिने ठेवलीच नाही. तिचा नवऱ्यावरचा सगळा राग त्या न ठेवलेल्या फोडीत उतरला!

लिहायला मला कुणी शिकवलं नाही. जमलंय का, हे कायम दुसऱ्यांना विचारायचे. आज माझं मलाच कळलं.

१८९८ पासूनची ही संस्था. शेजारच्या खुर्चीकडून असं किती जण शिकले असतील? तुम्हाला कुणी शिकवलं?