शत्रूची मुलं

आज दिवसभर एग्लंटाइन जेब या ब्रिटिश समाजसेविकेबद्दल वाचत होते. पहिलं महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबलं, पण दोस्त राष्ट्रांची नाकेबंदी चालूच राहिली. जर्मनी-ऑस्ट्रियातली मुलं भुकेने खंगत होती. १९१९ मध्ये या बाईंनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उपाशी ऑस्ट्रियन मुलाचा फोटो असलेली पत्रकं वाटली. अटक झाली, ५ पौंड दंड झाला. आणि तेवढीच रक्कम सरकारी वकिलाने स्वतःच्या खिशातून काढून त्यांना दिली! इथे माझे डोळे भरून आले. हरलेल्या देशाच्या लेकरांसाठी जिंकलेल्या देशात हात पसरायला केवढं धैर्य लागलं असेल. त्याच वर्षी 'सेव्ह द चिल्ड्रन' ही मुलांना मदत करणारी संस्था उभी राहिली. संकटात पहिली मदत मुलांना, हे त्यांनी मुलांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात लिहिलेलं कलम १९२४ मध्ये राष्ट्रसंघानेही (लीग ऑफ नेशन्स) स्वीकारलं.