चेक-रेजची वही, महिना तिसरा

मागच्या नोंदीत ठरवलं होतं की या महिन्यात पोकरमधली एकच गोष्ट घोटायची: बिग ब्लाइंडवर (पानं बघण्याआधीच मोठी सक्तीची रक्कम लावायच्या जागी) बसून फ्लॉपला (टेबलावरच्या पहिल्या तीन सामाईक पानांना) चेक-रेज, म्हणजे आधी काही न लावता चेक करायचं आणि समोरच्याने लावलं की वाढवायचं. चार शनिवार झाले. सहा जण, ब्लाइंड १-२, प्रत्येकाला २०० चिप. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं, तेव्हापासून आमचं हेच टेबल. पैसे लावत नाही. शेवटचा येईल त्याने भेळ आणायची.

आधी दुखणं सांगतो. पहिल्या दोन महिन्यांत मी एकवीस चेक-रेज केले, एकूणएक सेट (हातातल्या जोडीला टेबलावरचं तसंच तिसरं पान) किंवा दोन जोड्या हातात असताना. सतरा वेळा समोरच्याने पानं टाकून दिली. वहिनीने तर तोंडावर सांगितलं, "भावोजी, तुम्ही चेक करून वाढवलंत की मी एक्क्यांची जोडीसुद्धा टाकते. रिकाम्या हाताने तुम्ही कधी वाढवतच नाही."

मग कागद घेऊन बसलो. फ्लॉप धरला ६-५-२, इस्पिकची छक्की, चौकटची पंजी, बदामची दुर्री. असा खालच्या पानांचा फ्लॉप बिग ब्लाइंडला जास्त लागतो, कारण बटणवरून (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलायच्या जागेवरून) रेज करणाऱ्याकडे चित्रं जास्त असतात. माझे पक्के हात मोजले (हातात प्रत्येकाला दोनच पानं): तीन सेट प्रत्येकी ३ प्रकारे, म्हणजे ९, एकाच रंगाचे ६-५ दोन, एकाच रंगाचे ४-३ (सिक्वेन्स) चार. एकूण १५. त्यांच्या जोडीला अर्धवट हात हवेत, पण कुठलेही नाही, पुढे सुधारू शकतील असेच. एकाच रंगाचे ८-७, ७-४, एक्का-चौकी आणि एक्का-तिर्री, प्रत्येकी चार. झाले १६. आता वहिनीला पंधरा की सोळा, हे ओळखत बसावं लागेल.

दुसऱ्याच शनिवारी तंतोतंत तोच फ्लॉप पडला, आणि माझ्याकडे बदामची अठ्ठी-सत्ती! (वहीतला फ्लॉप टेबलावर येणं हा योगायोगच, पण आनंद व्हायचा तो झाला.) बटणवरच्या मित्राने ६ ला रेज केला होता, मी कॉल केला (तेवढेच लावले), छोट्या ब्लाइंडची १ धरून पॉट, म्हणजे मधली रास, १३. मी चेक केलं. त्याने ५ लावले, मी १८ वर नेलं. हिशोब असा: १८ मिळवायला १८ लावतोय, म्हणजे नुसता ब्लफ असता तर निम्म्या वेळा तरी त्याने पानं टाकायला हवीत. पण माझ्याकडे आठ आउट (हात पक्का करणारी पानं) आहेत, चार नव्व्या आणि चार चौक्या. शेवटच्या पानापर्यंत सुमारे ३१ टक्के वेळा सिक्वेन्स लागतो. त्यामुळे निम्म्याहून कमी वेळा टाकली तरी भागतं. त्याने एक्का-गुलाम दाखवून टाकला.

आमच्याकडे ही चाल चालते त्यामागे दिवाळीची तीन पत्ती आहे असं माझं मत आहे. तिथे चेक नावाची चीजच नाही; चाल करा नाहीतर पॅक. त्यात वाढलेल्यांना चेक म्हणजे थेट शरणागती वाटते आणि ते हमखास पुढे लावतात.

अपवाद मामा. तिसऱ्या शनिवारी त्यांच्यावर एक्का-चौकीने हाच प्रयोग केला, टर्न-रिव्हरलाही (चौथ्या आणि पाचव्या सामाईक पानाला) लावत राहिलो. त्यांनी छक्क्यांच्या जोडीवर तिन्ही वेळा कॉल केला. "अरे, बघायला काय पैसे पडतात?" बरोबरच आहे. चिप फुकटच्या असल्या की पानं टाकायची कोणाला घाई नसते. मामांवर फक्त पक्के हात, ब्लफ बंद. वहीत लाल शाईने लिहिलंय.

खरी अडचण टर्नची. चेक-रेजला कॉल आला आणि पान लागलं नाही की मी मुकाट चेक करायचो. दोन शनिवारांत सगळ्यांनी ते हेरलं: फ्लॉपला कॉल करायचा, टर्नला मी थबकलो की लावून पॉट उचलायचा. आता पानावरून ठरवतो. वरच्याच डावात कॉल आला असता तर पॉट ४९ झाला असता. टर्नला बदामचा गुलाम पडला तर आणखी एका बदामने फ्लशही (एकाच रंगाची पाच पानं) होतो, म्हणून माझे आउट आठाचे पंधरा होतात आणि एका पानात जवळपास ३३ टक्के शक्यता मिळते. तिथे ३२ लावायचेच. ब्लफ म्हणून ते चाळीस टक्के वेळा चालले तरी तोटा नाही. एक्का किंवा राजा पडला तर सोडून द्यायचं, ती पानं त्याची. हे कागदावर पाठ आहे, टेबलावर अजून हात अडखळतो. महिन्यात नऊ वेळा टर्नला लावायला हवं होतं, लावलं चार वेळा.

चौथ्या शनिवारी शेवटच्या डावात बटणवरून मी रेज केला, फ्लॉप ७-६-३, वहिनीने चेक केलं. मी लावलं. वहिनीने तिपटीवर नेलं. मी एक्का-राजा टाकला. तिने पानं न दाखवताच गड्डीत सरकवली आणि भेळेत कांदा जास्त सांग म्हणाली.