तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्ही आल्यापासून शिकवणं सोपं झालं का?

लग्नात म्हणा, एसटीत म्हणा, कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच. मॅडम, तुमची झेडपीची शाळा डिजिटल झाली म्हणे, आता शिकवायला सोपं जात असेल ना?

माझी शाळा सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या एका वाडीवरची, दोनशिक्षकी, तिसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्याकडे. 2015 ला सरकारच्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा जीआर आला, त्यानंतर गावोगावी लोकवर्गणी काढून शाळा डिजिटल व्हायला लागल्या, आमचाही टीव्ही असाच लोकांच्या पैशातून आलेला, त्यामुळे तो नुसता भिंतीवर राहिला तर मला बरं वाटत नाही.

उपयोग होतो, खरंच होतो. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. जलदुर्ग म्हणजे पाण्यातला किल्ला हे पोरं घडाघडा म्हणायची, पण समुद्र कुणीच बघितलेला नाही. सिंधुदुर्गचा व्हिडिओ लावला, चारी बाजूंनी पाणी, आणि एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, एवढं पाणी हाय तर टँकर तिथनंच का भरत न्हाईत?" मी व्हिडिओ तिथंच थांबवला, खिचडीच्या खोलीतनं मीठ आणलं, तांब्याभर पाण्यात मूठभर घातलं आणि एकेकाला चमचाभर चाखायला दिलं. पाऊण तास गेला त्यात. पण मग इतक्या खाऱ्या समुद्रात राहणारे मावळे प्यायचे काय हा प्रश्न पोरांनीच काढला आणि किल्ल्यातल्या गोड्या विहिरींपर्यंत आम्ही आपोआप पोचलो. आता हे टीव्हीनं शिकवलं की मिठानं, तुम्हीच सांगा.

आणि ह्याच टीव्हीनं मला फसवलंही. चौथीचं गणित घ्यायचं असलं की तिसरीला कविता लावून द्यायची, खाली अक्षरं सरकतात, पोरं तालात म्हणतात, मला वाटायचं वाचतायत. एक दिवस सहज आवाज बंद केला आणि "आभाळ" वर बोट ठेवून एका मुलाला विचारलं हे काय लिहिलंय, तर तो ओळीच्या सुरुवातीपासून मनातल्या मनात म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत आला. वाचत नव्हता तो. दोन महिने मी त्याला वाचता येतंय असं धरून चालले होते, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, लोकांना तो कोडच लक्षात राहिला. पण कोडच्या मागं काय ठेवायचं हे वर्गातली मुलं ओळखणाऱ्या माणसालाच कळतं ना.

खरा त्रास टीव्हीचा नाही, हातातल्या मोबाईलचा आहे. भागाकार ऐन रंगात आलेला असतो आणि ग्रुपवर मेसेज पडतो, आजच्या आज लिंक भरा, पोषण आहाराची नोंद करा, फोटो टाका, आणि रेंज मिळते फक्त व्हरांड्याच्या टोकाला. मी तिथं उभी, पोरं आत. परत येईपर्यंत हातचा कुठं गेला ते त्यांनाही आठवत नाही आणि मलाही.

आता कविता एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून, मी शेजारी उभी राहून. त्या मुलाला रोज पाटीवर चार शब्द देते. परवा शाळेसमोर टँकर थांबला तेव्हा त्यानं पाठीमागं लिहिलेलं "पिण्याचे पाणी" बोट लावून, अडखळत, पण वाचलं.