तुम्ही विचारलंत म्हणून: हेडसरांना सांगितलं म्हणजे माझं काम झालं का?

केंद्राच्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत, आश्रमशाळेतल्या ट्रेनिंगनंतर चहा पिताना, अगदी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या शिक्षिकेकडूनसुद्धा मला हा प्रश्न येतो. "मॅडम, एखाद्या पोरीने मला काही सांगितलं आणि मी हेडसरांच्या कानावर घातलं, तर माझं काम झालं ना?" शिरपूर, चोपडा, शहादा, तळोदा, यावल, जिथे जिथे मी मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्याचं, म्हणजे बाल संरक्षणाचं ट्रेनिंग देते तिथे हे विचारणारं कोणीतरी असतंच. काहीजण सगळ्यांसमोर विचारतात. काहीजण बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतात, आणि बाजूला घेऊन विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा एक खरंखुरं लेकरू असतं, म्हणून मी घाई असली तरी थांबते.

उत्तर सरळ आहे. नाही, काम झालं नाही.

पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 2012 चा आहे, 14 नोव्हेंबर 2012 ला लागू झाला, आणि त्याच्या कलम 19 मध्ये माहिती द्यायची जबाबदारी 'कोणत्याही व्यक्तीवर' टाकलीय. फक्त मुख्याध्यापकांवर नाही, फक्त संस्थेवर नाही. ज्याला गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली त्याने विशेष बाल पोलीस पथकाला नाहीतर जवळच्या पोलीस स्टेशनला कळवायचं. कळूनही गप्प बसलं तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेचा प्रमुख जर आपल्याच हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दाबत असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मूल स्वतः सांगू शकलं नाही तर त्याला मात्र शिक्षा नाही, कायद्याने ते स्पष्ट लिहिलंय. हेडसरांना सांगाच, ते सांगू नका असं मी म्हणत नाही, पण सांगितल्यावर त्यांनी त्याच दिवशी पुढे कळवलं का हे बघणंही तुमचंच काम आहे, आणि नसेल कळवलं तर फोन तुम्ही उचलायचा.

बरेच शिक्षक यावर म्हणतात, "मॅडम कायद्यात असतं हो, प्रत्यक्षात कोण विचारतं." विचारतात. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या केसमध्ये, मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असून कळवलं नाही म्हणून गुन्हा दाखल झाला, हायकोर्टाने तो रद्द केला आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो रद्द करण्याचा आदेशच बाजूला ठेवला. कळूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं कोर्टाने तिथे म्हटलं. आणि 2024 चं बदलापूर तर सगळ्यांना आठवतंय, शाळेत अत्याचार झालेल्या चार वर्षांच्या दोन मुली, 20 ऑगस्टला स्टेशनवर उतरलेले लोक, बंद पडलेल्या लोकल. त्यात वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा दाखल झाला होता हे लोक विसरतात, आणि ट्रेनिंगमध्ये मला हेच आधी सांगावं लागतं.

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल कोणी विचारत नाही. मूल सांगतं कोणाला? आपण धरून चालतो की वर्गशिक्षकाला. आश्रमशाळेत तसं होत नाही. सातपुड्यातल्या एका शाळेत (नाव नको) पाचवीतल्या मुलीने कामाठी मावशीला सांगितलं होतं, संध्याकाळी भांडी घासायच्या जागी, कारण मावशी तिची पावरी भाषा बोलायच्या आणि बाकी सगळे सर-मॅडम खालून सपाटीवरून आलेले, मराठी बोलणारे, जास्तीत जास्त अहिराणी. मावशींना पोक्सो शब्द माहीत नव्हता. त्यांनी पोरीला जवळ घेतलं, रात्री आपल्या शेजारी झोपवलं आणि दोन दिवस कोणाला सांगावं ह्याच विचारात काढले. मला त्यांचा राग आला नाही, अजिबात नाही, मला राग आला तो ह्याचा की त्या शाळेत जेवढी ट्रेनिंग झाली त्यातल्या एकातही त्यांना बसवलं नव्हतं. शिक्षकांची सही घेतली, फोटो काढले, ग्रुपवर टाकले, आणि ज्या बाईला मुलं सगळ्यात आधी सांगतात ती बाई तेव्हा आत पोळ्या लाटत होती. म्हणून आता मी जाते तिथे आधीच सांगून ठेवते, कामाठी, स्वयंपाकी, चौकीदार, पोषण आहार शिजवणाऱ्या ताया, मुलांना आणणारे रिक्षावाले आणि काळी-पिवळीवाले, सगळे पाहिजेत. कलम 19 त्यांनाही लागू आहे, आणि फोन करायला शिक्षक असावं लागत नाही.

ऐकल्यावर काय करायचं हे विचारतात तेव्हा मी सांगते की कमी करायचं. मूल बोलतंय ते ऐकायचं, "तू सांगितलंस ते चांगलं केलंस, यात तुझी काही चूक नाही" एवढं म्हणायचं. "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही आणि ज्याने हे केलंय त्यानेही बहुतेक "कोणले सांगू नको" असंच त्याला सांगून ठेवलेलं असतं. खोदून खोदून विचारायचं नाही. "त्याने असं केलं का, तिथे हात लावला का" असे उत्तर आत भरलेले प्रश्न तर बिलकुल नाही, पुढे कोर्टात वकील हेच पकडतात की हे बाईंनी पोरीच्या तोंडात घातलं. मूल गेल्यावर लगेच कागदावर तारीख, वेळ, जागा आणि त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे, अहिराणीत बोललं असेल तर अहिराणीत, भिलीत असेल तर भिलीत. ते सभ्य मराठीत करून लिहू नका. मुलाला समजत नसलेल्या भाषेत जबाब नोंदवला जात असेल तर दुभाषा द्यायची तरतूद कायद्यात आहे, ती मागा, नंदुरबारच्या वरच्या भागात तर मागाच.

आणि शाळेची स्वतःची चौकशी समिती. याबद्दल मी जरा कडक बोलते, माफ करा. पाच माणसं खुर्च्या टाकून बसतात, त्यात संस्थेचे संचालक, त्यात कधी ज्याच्यावर आरोप आहे त्याचाच मित्र, आणि नऊ वर्षांच्या मुलीला उभं करून "नीट सांग बेटा, खरं सांग" करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्यांदा विचारलं की मूल "काही नाही झालं" म्हणतं, कुठलंही मूल म्हणेल, आणि मग तो कागद फाईलला लागतो. गुन्हा झाला की नाही हे ठरवायचं काम शाळेचं नाहीच. कळवायचं काम शाळेचं आहे. पोलिसांनी मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्य तिथे महिला अधिकाऱ्याने, युनिफॉर्म न घालता, आणि मुलाला रात्री पोलीस स्टेशनमध्ये ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत बाल कल्याण समिती आणि विशेष कोर्टाला कळवायचं ही पोलिसांची जबाबदारी. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. हे सगळं पालकांना आधी सांगितलं ना की निम्मी भीती कमी होते, कारण गावातल्या आईबापांच्या डोळ्यासमोर पोलीस स्टेशन म्हणजे बाकावर दिवसभर बसलेली आपली पोर आणि येणारे-जाणारे बघतायत, असंच चित्र असतं.

खरी अडचण मात्र भीतीपेक्षा 'मिटवून टाका' ही आहे. शाळेची बदनामी होईल, पट कमी होईल, तुकडी जाईल, हे शाळेकडून. पोरीचं लग्न कसं होईल, हे घरून. मग गावातली चार मोठी माणसं बसतात, काही पैसे ठरतात, त्या माणसाची दुसरीकडे बदली किंवा राजीनामा, आणि झालं. दुसरीकडे म्हणजे कुठे? दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या मुलांमध्ये. पोक्सोच्या गुन्ह्यात आपसात तडजोड करायचा अधिकार गावाला नाही, संस्थेला नाही, पालकांनासुद्धा नाही. कर्मचारी ठेवताना पोलीस पडताळणी करायचं 2020 च्या पोक्सो नियमांमध्ये आहे, आणि बदलापूरनंतर राज्य सरकारनेही शाळांना पुन्हा बजावलं, पण मिटवलेल्या प्रकरणाची कुठे नोंदच नसेल तर पडताळणीत सापडणार काय?

यालाच जोडून आखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं. आपल्याकडे आखाजीला माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, मलाही तो सण फार आवडतो, पण त्याच मुहूर्तावर आठवी-नववीतल्या मुलींची लग्नं लागतात हेही खरं आहे. शाळेला सुट्टी लागलेली असते म्हणून आपल्याला वाटतं आपला संबंध नाही. पण मार्चमध्येच मैत्रिणी कुजबुजत असतात, मुलगी परीक्षेचा फॉर्म भरताना टाळाटाळ करते, वर्गशिक्षकाला तेव्हाच कळलेलं असतं. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हे गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, त्यांना लेखी कळवा, आणि ते त्याच गावचे, त्याच भावकीतले असले तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच. हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, 2023 पासून तो महिला व बालविकास विभागाकडे आहे आणि 112 या तातडीच्या मदतीच्या नंबरला जोडलाय.

मुलग्यांबद्दल कोणी विचारतच नाही, म्हणून मीच काढते. पोक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही, 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं. वसतिगृहात मोठी मुलं लहान मुलांना त्रास देतात तेव्हा अधीक्षक "पोरं आहेत, मस्ती करतात" म्हणून सोडून देतात. एखादा मुलगा अचानक अंथरूण ओलं करायला लागला, एका ठरावीक खोलीकडे जायला तयार होत नाही, दिवाळीच्या सुट्टीनंतर परत यायलाच नको म्हणतो, तर त्याला आळशी म्हणण्याआधी थांबा. यातलं एकही लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. पण जवळ जाऊन विचारपूस करायला ते पुरेसं कारण आहे. आईबाप ऊसतोडीला गुजरातकडे गेलेले असतात तेव्हा तर त्या मुलाला विचारणारं शाळेशिवाय कोणी उरत नाही, सहा-सहा महिने.

समित्यांबद्दलही सांगते. तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, 2024 नंतर सीसीटीव्ही, कागदावर भरपूर आहे आणि त्यातलं पुष्कळ उपयोगाचंही आहे. पण तक्रारपेटी ऑफिसच्या दारासमोर, शिपाईदादांच्या टेबलाजवळ लावली तर त्यात कुठली मुलगी चिठ्ठी टाकणार? ती पाण्याच्या टाकीकडे, नाहीतर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा. दुसरी-तिसरीच्या मुलांना अजून नीट लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी पेटीचा काही उपयोग नाही, त्यांच्यासाठी रोज दहा मिनिटं मोकळं बोलणारं माणूसच लागतं.

"आणि मॅडम, खोटं निघालं तर?" हा शेवटचा प्रश्न, हमखास. सद्भावनेने माहिती दिली तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, कलम 19 मध्येच ते आहे. शिक्षा आहे ती मुद्दाम कोणाला अडकवायला खोटी तक्रार करणाऱ्याला, आणि तिथेही मुलाला नाही. तुम्हाला सिद्ध करायचं नाहीये.

कळवून झाल्यावर मात्र खूप शाळा एक वाईट गोष्ट करतात, मुलीचा दाखला काढून पालकांच्या हातात देतात, "तिलाच बरं पडेल" म्हणून. तिला नाही, शाळेला बरं पडतं. मुलगी त्याच वर्गात, त्याच मैत्रिणींमध्ये राहिली पाहिजे आणि ज्याच्यावर आरोप आहे तो बाहेर. तिचं नाव, गाव, फोटो कुठल्याही ग्रुपवर जाऊ द्यायचा नाही, स्टाफच्या ग्रुपवरसुद्धा नाही. केस चालते तेव्हा तिला सोबत करायला सपोर्ट पर्सन मिळतो, तो बाल कल्याण समिती नेमते, आणि मदतीसाठी मनोधैर्य योजना आहे, त्याचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, हे दोन्ही पालकांना शाळेने सांगावं कारण दुसरं कोणी सांगेलच असं नाही. आणि जळगावला नाहीतर धुळ्याला कोर्टाची तारीख असली की मुलगी वर्गात नसते, त्या दिवशीचा अभ्यास तिला मैत्रिणीच्या वहीतून उतरवायला लावू नका, वर्गशिक्षिकेने स्वतः द्या, कारण मैत्रीण वही देताना विचारणारच की काल कुठे गेली होतीस.