पहाटेचा घाटा आणि गल्लीतली सात लेकरं

बिबड्यांचं, म्हणजे खान्देशातल्या ज्वारीच्या पापडांचं, काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. अमळनेरला चैत्रात आम्ही पहाटे साडेचारला चुली पेटवतो आणि नऊला थापणं बंद करतो. नऊनंतर खाटेवरचं ओलं कापड भराभर सुकतं. मग बिबड्याला वरून साय धरते, आत ओल राहते आणि कडा वळतात. असा माल संध्याकाळी कापडावरून सोडवताना तुटतो.

त्या दिवशी पहिलं आधण उकळत होतं आणि अकराजणींपैकी सहाच आल्या होत्या. पावणेपाचला फोन आला, "ताई, पोरले कोनजोडे ठेऊ?" पोराला कोणाजवळ ठेवू? पुढच्या दहा मिनिटांत तोच प्रश्न आणखी चौघींनी विचारला. गल्लीतली मोठी माय आदल्या रात्रीच्या गाडीने सुरतेला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. या पाचजणींची सात लेकरं तीच सांभाळायची, एका लेकराचे दिवसाला २० रुपये घेऊन. सगळे मिळून १४० रुपये. आमचं रोजचं २० किलो पीठ त्या १४० रुपयांवर उभं होतं, आणि कुठल्याच वहीत त्याची नोंद नव्हती.

पाच बायका कमी म्हणजे काम निम्मं, एवढा सरळ हिशोब इथे चालत नाही. एका हंड्यात ५ किलो पीठ आणि साधारण दुप्पट पाणी. तीळ, जिरं, लसूण, मिरची, मीठ घालून घाटा, म्हणजे थापायचं शिजवलेलं पीठ, तयार झाला की तो १५ किलोच्या आसपास भरतो. एका बिबड्याला ४० ग्रॅम धरले तर पावणेचारशे बिबडे होतात. सवयीची बाई ओल्या हाताने मिनिटाला तीन थापते. आठजणी असल्या तर सोळा मिनिटांत हंडा रिकामा. ओलं फडकं झाकून ठेवला तरी घाटा वीस मिनिटंच मऊ राहतो, म्हणजे सगळं वेळेत बसतं. त्या दिवशी दोघी घाटा हाटायला, म्हणजे ढवळायला, गेल्यावर थापायला उरल्या चौघी. हंड्याला लागली असती एकतीस मिनिटं. वीस मिनिटांत २४० बिबडे झाले आणि उरलेला घाटा आवळला. थापला की कडेला चिरा. एकीने घाईत त्यात गरम पाणी घातलं. त्याने घाटा सैल होतो खरा, पण कापडाला चिकटतो आणि बिबडा तळताना तेल पितो. तो मी बाजूलाच काढला.

मग हंडा निम्मा केला, अडीच किलोचा. नऊपर्यंत तसे तीन निघाले. म्हणजे एकूण साडेबारा किलो. राहिलेलं साडेसात किलो पीठ उद्यावर ढकलता येत नाही. आमची ज्वारी तीन दिवस भिजते, रोज पाणी बदलून. मग निथळून, सावलीत अर्धवट सुकवून दमट असतानाच दळतो. वैशाखाच्या तोंडावर हे पीठ एका रात्रीत आंबटढाण होतं. दुसऱ्या दिवशी ते गोठ्यात गेलं. तीन दिवसांपूर्वी भिजवलेल्या ज्वारीला आज कोणाचं लेकरू कोण सांभाळतंय हे कसं कळणार?

सहा वाजता न आलेल्यांपैकी एक धापा टाकत आली. "थोरलीजवळ बसवलंय धाकट्याला," म्हणाली. थोरली पाचवीत, आणि त्या सकाळी तिचा परीक्षेचा पेपर होता. हातांची एवढी ओढ असताना मी त्या बाईला परत पाठवलं. लेकरं सांभाळायला कोणी नसलं की पहिली शाळा बुडते ती घरातल्या मोठ्या मुलीची. कापूस वेचणीतही हेच होतं, गावागावांत पाहून घ्या. मुलीची शाळा बुडवून माल काढायचा नाही, हे आमच्याकडे तेव्हापासून पक्कं आहे.

अंगणवाडी आहे की, असं सगळे म्हणतात. आमची अंगणवाडी उघडते तेव्हा आमचं थापणं संपत आलेलं असतं, आणि तिथे बसतात तीन ते सहा वर्षांची मुलं. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळ नाही. आमच्या सातांपैकी चार तीन वर्षांखालची होती. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची सक्ती होती ती आधी ५० पेक्षा आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० पेक्षा जास्त स्त्रिया असतील तिथे, आणि २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीत ५० कामगारांपासून पुढे. अकराजणींचा उद्योग दोन्हीत बसला नाही. पापड, शेवया, मसाले, मिरचीचे देठ खुडणं, खान्देशातली बायकांची कितीतरी कामं अशाच छोट्या जागांत चालतात.

त्यातल्या त्यात नमुना म्हणून उपयोगी पडला तो २००५ च्या रोजगार हमी कायद्यातला नियम. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांच्यासाठी एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. पॅकिंगची खोली आम्ही लेकरांना दिली. आधी एकच बाई ठेवली. चौथ्या दिवशी ती तान्ह्याला झोळीत घालत असताना दीड वर्षाचा एक चुलीच्या दारापर्यंत पोहोचला. उकळता घाटा अंगावर पडला तर चिकटून बसतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. त्या दिवसापासून दोघी असतात, दाराला गुडघ्याच्या वर येईल अशी फळी आहे, आणि खोलीतल्या दोघींनी घाट्याला हात लावायचा नाही, कितीही घाई असो. त्यातली एक पूर्वी थापायची; आता तिच्या बोटांना चटका सोसत नाही. मजुरी दोघींना थापणाऱ्यांइतकीच, सकाळचे २५० रुपये. लेकरांकडे बघणं हे हलकं काम नाही, म्हणून तिथे कमी रोज द्यायचा नाही.

५०० रुपये रोजचा खर्च. लेकरांच्या आईकडून लेकरामागे २० रुपये येतात, त्याचे १४०. उरलेले ३६० रुपये २० किलोंवर पसरले की किलोमागे १८ रुपये पडतात. आमचा माल घेणाऱ्या नाशिकच्या दुकानदाराने भाव वाढवला नाही. त्या सालची लग्नसराईची ६० किलोंची ऑर्डर पाच दिवस उशिरा गेली, म्हणून पुढल्या खेपेला त्याने ४० चीच दिली. १८ रुपये आम्हीच सोसतो. कारण बायका घरी बसल्या तर गिरणीवाल्याचं दळण, खाट वाहणाऱ्या रिक्षाचं भाडं आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली उधारी, तिन्ही एकदम अडकतात. त्या आठवड्यात किराणावाल्यानेच मला विचारलं होतं, काम बंद पडलं का म्हणून.

या लेकरांच्या आयांखेरीज दोघी अजून येत नाहीत. एकीचं बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं, आणि दर दीड तासाने उठायला हंडा मोकळीक देत नाही. तिला मी तीळ निवडायला आणि लसूण सोलायला घरी देते. त्यात थापण्याइतके पैसे सुटत नाहीत.

मोठी माय आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, परत आली. तिने खोलीत यायला होकार दिला, पण पहिल्याच दिवशी झोळीची दोरी ओढून पाहिली आणि बदलायला लावली. आता रोज आधण ठेवायच्या आधी ती दोरी ओढून बघते, मगच पहिलं लेकरू आत घेते.