मिक्सर: ठिणग्या आटोक्यात, मायक्रोवेव्हचा बेत रद्द

काल रात्री साडेदहाला आईचा मिक्सर तीन नंबरवर चालवला आणि कार्बनच्या (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज देणारा काळा ठोकळा) कडेला फक्त बारीक निळसर ठिणगी दिसली. नऊ दिवसांनी! मागच्या वेळी लिहिलं तेव्हा कम्युटेटरभोवती (मोटरच्या दांड्यावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्याला कार्बन टेकतो) आगीचं कडं फिरत होतं आणि घरभर जळका वास होता.

घोटाळा सापडला. काळ्या मसाल्याचं वाटण मोटरमध्ये उतरलं होतं म्हणून सफाईला खोलला. कपलरचे (जारचं पातं फिरवणारी वरची चकती) उलटे आटे, खालून शाफ्ट धरणं, सगळं नीट पार पडलं. पण दोन्ही कार्बन काढून एकाच वाटीत टाकले. कार्बन घासून घासून कम्युटेटरच्या गोलाईला बसलेला असतो. डावा उजवीकडे गेला किंवा उलटा फिरला की नुसती कड टेकते, सगळा करंट तिथूनच जातो. आता काढण्याआधीच नेलपॉलिशचे ठिपके देतो: डाव्याला एक, उजव्याला दोन.

आधी वाटलं, नवी जोडी टाकली की सुटलो. एका दुकानात "बसतो हो, सगळ्यांना हाच जातो" म्हणून दिलेला कार्बन होल्डरमध्ये अडकायचा, स्प्रिंगला तो पुढे ढकलता येईना. जुना कार्बन खिशात आणि व्हर्नियरने (बारीक मापाची पट्टी) घेतलेली लांबी, रुंदी, जाडी अशी तिन्ही मापं कागदावर असल्याशिवाय जाऊच नका. जळगावच्या गोलाणी मार्केटच्या दुसऱ्या फेरीत जोडी मापाची मिळाली. होल्डरमध्ये स्वतःच्या वजनाने घसरते, फार बरं वाटलं!

तरी ठिणग्या होत्याच, कारण नव्या कार्बनचं तोंड सपाट. शेवटी बारीक काचकागदाची पट्टी कम्युटेटरवर गुंडाळली, खरखरीत बाजू कार्बनकडे, आणि आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) हाताने फिरत्या दिशेने वीस-पंचवीस वेळा फिरवलं. एमरी पेपर इथे नको, त्याचे कण पट्ट्यांच्या फटीत रुततात. मग फटींतला काळा बुक्का जुन्या टूथब्रशने हलके काढला. या बुक्क्यातून वीज वाहते, म्हणून फुंकर मारून तो कॉइलवर उडवू नका. थिनर, पेट्रोल तर लांबच ठेवा. कॉइलचं वार्निश सुटतं आणि वाफ आत राहिली तर पहिल्याच ठिणगीला भडका.

चाचणी सिरीज बोर्डवर, म्हणजे मिक्सरला वीज बल्बमधून जाईल अशा जोडणीवर. 100 वॅटचा बल्ब आधी लख्ख, मोटरने वेग धरताच मंद. शॉर्ट असता तर लख्खच राहिला असता. दाराशी उभी आई मात्र म्हणाली, "आता त्याले हात नको लावू, बापू."

झाकण लावायच्या आधी जारच्या बैठकीत पाणी निघायचं छिद्र दिसलं. लाकडासारख्या कडक वाळलेल्या वाटणाने बुजलेलं. खराट्याची काडी घातली तर खोबऱ्याची तपकिरी गुठळी बाहेर आली. मोटर बाजूला होती, चमचाभर पाणी ओतलं, सरळ खाली गेलं. महिन्याला एकदा ही काडी फिरली असती तर वाटण मोटरपर्यंत पोचलं नसतं आणि मला स्क्रू काढावे लागले नसते.

त्यामुळे ताईचा मायक्रोवेव्ह रविवारी उघडायचा होता, तो उघडणार नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा हाय-व्होल्टेज चार्ज राहू शकतो. कार्बनची चूक सुधारायला मला नऊ दिवस मिळाले, तिथे क्षणही मिळणार नाही. ताईला सांगितलंय, वाटीभर पाण्यात लिंबू पिळून तीन मिनिटं तापव आणि प्लग काढून आतून ओल्या फडक्याने पूस. चिकटा निघतो.

लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. छिद्र मोकळं झालं, पण वाटण मुळात खाली आलं कसं? जारचा बुश (पात्याचा दांडा धरणारी पुंगळी) किंवा सील गळत असणार. मोठा जार पाण्याने भरून आत्ताच वर्तमानपत्रावर ठेवलाय. सकाळी कागद ओला दिसला तर बुश बदलतो. कानबाईला (आमच्या खानदेशातला श्रावणातला सण) अजून दहा दिवस आहेत.