विश्रामबागवाडा : पेशव्याचं घर, आता सगळ्यांचं

पुण्यात पाहुणे आले की आपण त्यांना आधी शनिवारवाड्याला नेतो, पण १८२८ च्या आगीत तिथलं वरचं सगळं गेलं, आत आता जोती आणि हौदच उरलेत. पेशव्याचं घर छपराखाली उभं राहून बघायचं असेल ना तर सरळ बाजीराव रोडला या, तुळशीबागेजवळ, विश्रामबागवाड्यात.

दुसऱ्या बाजीरावाने हा बांधला, १८०७ मध्ये पूर्ण झाला, खर्च साधारण दोन लाख. बाहेरून गाड्यांच्या गर्दीत नजर नीट पोचतच नाही म्हणून समोरच्या फुटपाथवर जाऊन वर बघा, ती लाकडी मेघडंबरी, म्हणजे छत असलेला सज्जा, दिसते, सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब दिसतात. आत गेलो तर छताखाली लाकडात कोरलेली केळफुलं लोंबताहेत, मी मान दुखेपर्यंत बघत राहिलो, काय हात असतील त्या सुतारांचे!

पेशवाई १८१८ ला संपली आणि बाजीराव कानपूरजवळच्या बिठूरला गेला. खरी गोष्ट इथून सुरू होते असं मला वाटतं, कारण वाडा रिकामा पडलाच नाही. १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली, पैसा कुठला तर पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटायचे त्या रकमेतला, आणि याच पाठशाळेचं पुढे डेक्कन कॉलेज झालं जे नंतर येरवड्याला गेलं. मग १८७९ ची आग. त्यात पेशव्यांचा दुसरा वाडा, बुधवारवाडा, गेलाच, विश्रामबागचाही काही भाग जळाला, पण तो लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशातून परत उभा केला. लोकांनी पदरचे पैसे घातले हो, एका पळून गेलेल्या पेशव्याच्या घरासाठी! मला तरी यात त्या घराबद्दलची माया दिसते. नंतर १९३० ते १९५९ नगरपालिकेचं, म्हणजे पुढच्या महापालिकेचं ऑफिस इथेच होतं, जन्ममृत्यूच्या नोंदीपासून पाणीपट्टीपर्यंत पुण्याचा सगळा कारभार याच सागवानी खांबांमधून चालायचा.

नंतर डागडुजी होऊन आता इथे प्रदर्शनं भरतात, चौकात कार्यक्रम होतात, आणि खाली पोस्ट आहे, चालू पोस्ट! मी गेलो तेव्हा वर चित्रांचं प्रदर्शन होतं आणि तुळशीबागेतून पिशव्या घेऊन आलेल्या दोन आज्या चित्रं सोडून खांबच निरखत होत्या, एक दुसरीला म्हणाली, "अगं हात लावून बघ, गार लागतंय." मला हे फार आवडलं. नुसती काच लावून, दोरी बांधून ठेवलेली वास्तू मला परकी वाटते, इथे माणसं ये-जा करतात म्हणूनच लाकूड पुसलं जातं, गळती लवकर लक्षात येते.

एक मात्र खटकतं, दारासमोर टू-व्हीलर इतक्या लावलेल्या असतात की दर्शनी भाग अर्धा झाकला जातो. सकाळी लवकर जा, दुकानं उघडायच्या आत, तेव्हा समोरून नीट फोटो मिळतो. वरच्या मजल्यावर जायचं असेल तर मात्र दार उघडेपर्यंत थांबावं लागेल, तोवर मागच्या गल्लीत चहा घ्या.